जाळीवरचे पाव

थोरलीने ओव्हनचं दार उघडलं, लांब पावांचा ट्रे बाहेर ओढला आणि मोठ्याने म्हणाली, "पाव गरमागरमच चिरायचा. गार झाला की चिवट होतो."

"पाव गरमागरमच चिरायचा," धाकटी म्हणाली.

तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन नव्या मुलींनीही तेच म्हटलं. सँडविचच्या या कंपनीची पद्धतच तशी होती. शिकवणाऱ्याने हाताने काम करता करता प्रत्येक गोष्ट तोंडाने बोलायची आणि शिकणाऱ्यांनी ती परत म्हणायची. हे पाढे थोरलीला पहिल्यापासून पोरकट वाटत आले होते. आज मात्र तिला ते गोड लागले, कारण ती बोलली ते धादांत खोटं होतं.

गरम पाव चिरला की सुरीखाली त्याचा लगदा होतो आणि आतला सॉस कागदातून गळायला लागतो. हे कळेपर्यंत पहिल्या वर्षी तिने पिशव्या भरभरून पाव फेकले होते. ते शहाणपण फुकट वाटायला तिने काही धर्मशाळा काढली नव्हती. त्यातून जावेला तर मुळीच नाही.

कंपनी वाढत होती. साहेबांच्या ऑफिसातल्या नकाशावर दर महिन्याला नव्या टाचण्या लागत होत्या आणि आता एक टाचणी थोरलीच्याच चौकात, तिच्या दुकानाच्या बरोबर समोर लागली होती. ती धाकट्या दिराच्या बायकोने मागून घेतली होती. कानामागून आली आणि तिखट झाली! साहेबांनी थोरलीला बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "गर्दी वाढतेय हो, एका दुकानाला झेपत नाही. वर्षभर दोन्ही चालू दे. मग ज्याचं चांगलं चाललंय त्याचाच करार पुढे." वर आणखी, नव्या दुकानदाराला सगळ्यात जवळच्या दुकानाने शिकवायचं, हाही कंपनीचाच नियम.

"घरात दोन चुली झाल्याच होत्या," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आता चौकात दोन भट्ट्या." त्यांनी दोघींपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघींकडे आळीपाळीने जेवायचं तर ते परवडणारं नव्हतं.

धाकटीने शिकायला येण्याआधीच एक काम उरकलं होतं. थोरलीकडच्या दोन जुन्या मुली जास्त पगारावर फोडल्या होत्या. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथे तर घर जागेवर असतानाच वासे निघाले. त्यांच्या जागी आलेल्या या दोघी नव्या, आणि त्यांना वेगळं शिकवायला थोरलीला वेळ नव्हता. तिने सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं होतं. नव्यांना अजून भाज्या आणि सॉस एवढंच काम होतं. पावाला थोरली कुणाला हात लावू देत नसे.

तिने गरम ट्रे खिडकीजवळच्या जाळीवर सरकवला. आधीपासून तिथे गार होत असलेल्या पावांपैकी एक उचलला, उलटा केला, खालच्या बाजूला बोटांची मागची बाजू टेकवली आणि मग सुरी चालवली. पाव सरळ रेषेत उघडला.

"ताई, गरम ट्रे तिकडे का ठेवलात?" धाकटीने विचारलं.

"जागा नको का करायला? मी बोलते तिकडे लक्ष दे. हातांकडे काय बघत बसलीस?"

"बरं."

"आणि केस बांध नीट. तुझ्या दुकानात कुणी केस खाल्ले तर नाव माझं निघेल, शिकवलं कुणी म्हणून."

"नाव तर निघणारच आहे, ताई," धाकटी हसून म्हणाली.

थोरलीला तो हसरा चेहरा सुरीने चिरावासा वाटला. तिने टोमॅटो घेतले.

समोरचं दुकान उघडलं त्या दिवशी शिकवणाऱ्याने नव्या दुकानदाराच्या शेजारी उभं राहायचं, हाही नियमच. थोरली आनंदाने तयार झाली. कंपनीचा शर्ट कडक इस्त्री करून घातला. निघताना तिने नव्या मुलींना बजावलं, "आज पावही तुम्हीच बघायचा. शिकवलंय तसं करा. माझ्यामागे डोकं चालवू नका."

नव्या काचा, नवे दिवे, दारापर्यंत रांग. साहेब सगळ्यांशी हात मिळवत फिरत होते. पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा थोरलीने हातांची घडी घातली आणि बघत राहिली. आता होऊ दे लगदा, साहेबांच्या डोळ्यांदेखत.

धाकटीने ट्रे जाळीवर सरकवला आणि फडक्याने काउंटर पुसू लागली.

"चला, चिरा," साहेब म्हणाले. "लोक खोळंबलेत."

"गरम आहेत, साहेब."

"मग गरमच द्या की!"

"नाही," धाकटी म्हणाली. तिने सावकाश सुरीला धार लावली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग तिने एक पाव उचलला, उलटा केला आणि खालून बोटांची मागची बाजू टेकवली. सुरी सरळ रेषेत गेली.

थोरलीच्या हातांची घडी सुटली. बोटं टेकवायची ती तऱ्हा तिची होती. ती कधी तोंडाने बोलली नव्हती, तिची तिलाही ठाऊक नव्हती.

धाकटीने पहिलं सँडविच कागदात गुंडाळून तिच्यापुढे ठेवलं. "बोलण्याकडे लक्ष दे म्हणाला होतात, ताई. पण माझं मेलीचं लक्ष सारखं हातांकडेच जायचं."

थोरलीचा फोन वाजला. पलीकडून नवी मुलगी रडवेल्या आवाजात सांगत होती, "मॅडम, पावाचा नुसता चिखल होतोय. गिऱ्हाईक परत आणून टाकतंय. आम्ही शिकवलंत तसंच करतोय हो, गरमागरमच चिरतोय."

काचेतून समोर तिचं दुकान दिसत होतं. एक माणूस ओला कागद धरून बाहेर आला, तो त्याने डब्यात टाकला, हात झटकले आणि रस्ता ओलांडून इकडच्या रांगेत उभा राहिला. त्याच्यामागून आणखी दोघं आले.

"दोन मुली पाठवू का तिकडे?" धाकटीने हळूच विचारलं. "तुमच्याकडच्याच आहेत. गार पाव चिरायला मी शिकवलंय त्यांना."

साहेब जवळच उभे होते. फोनमधून "मॅडम? मॅडम?" चाललं होतं. थोरलीने सँडविचकडे पाहिलं. कागद अगदी कोरडा होता.

"पाठव," ती कशीबशी म्हणाली.

"दोन मुली समोरच्या दुकानात पाठवायच्या," धाकटीने पद्धतीप्रमाणे परत म्हटलं, साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.