अडवून ठेवलेली कनेक्शनं

नोंदणीच्या खिडकीवरची बाई पुन्हा वर आली, तेव्हा तिच्या आवाजात विनवणी उरली नव्हती. "मॅडम, रांग फाटकाबाहेर गेलीय. लोक माझ्या अंगावर येतायत. काहीतरी करा!"

मॅडम म्हणजे या हॉस्पिटलच्या सगळ्या नोंदींचा डेटाबेस सांभाळणारी. सकाळपासून तिचं डोकं उठलं होतं. डेटाबेसला एका वेळी ठरावीकच कनेक्शनं जोडता येत आणि ती सगळी भरलेली. त्यातली बहुतेक नुसती बसून. काम नाही, धाम नाही, नोंदणीच्या खिडकीची जागा मात्र अडवलेली. ती तोडली की खिडकी जरा चालायची, पण चहा घशाखाली उतरायच्या आत पुन्हा तेच रडगाणं.

ही रिकामी कनेक्शनं कुठून येतात ते तिला कळलं होतं. कुठली खाट रिकामी आहे हे दाखवणारे नवे स्क्रीन वॉर्डावॉर्डांत लागले होते. त्यांचा प्रोग्राम तिच्या धाकट्या दिराचा. त्याला हे काम मिळावं म्हणून तिनंच साहेबांकडे शब्द टाकला होता.

तिनं फोन लावला. "भावोजी, तुमचा स्क्रीन दर वेळी नवं कनेक्शन उघडतो आणि जुनं बंद करायचं नाव घेत नाही."

"मग मर्यादा वाढवा की, वहिनी!"

"वाढवली तर सर्व्हरची मेमरी संपेल. सगळंच आडवं होईल."

"माझ्याकडे तर झकास चालतंय. बघतो उद्या."

उद्या! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खाली तापानं फणफणलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती.

दिराच्या प्रोग्रामचं डेटाबेसमधलं खातं वेगळं होतं. त्या खात्याला मोजकीच कनेक्शनं मिळतील असं तिनं बांधून टाकलं. रिकामं बसलेलं कनेक्शन थोड्या वेळानं आपोआप तुटावं, अशी मुदतही लावली. मग जुनी सगळी झाडून काढली. रांग हलली. वाट्याची मोजकी कनेक्शनं संपली तसे वॉर्डांतले स्क्रीन मात्र एकेक करून काळे पडले.

आता दिराचाच फोन आला. "वहिनी, निदान घरचा माणूस म्हणून तरी..."

"घरचा म्हणूनच आधी फोन केला होता."

तो तणतणत आला, तिच्या शेजारी बसून त्यानं चूक दुरुस्त केली आणि आला तसा निघून गेला. स्क्रीन पुन्हा लागले.

संध्याकाळी ती घरात पाय ठेवते न ठेवते तोच सासूबाईंनी विचारलं, "काय गं, त्याचं काम बंद पाडलंस म्हणे?"

दीर खाली मान घालून जेवत होता.

"हो, पाडलं," ती म्हणाली आणि पर्स कोचावर आपटून हातपाय धुवायला गेली.