डावीकडे ओढणारी खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझं पुढचं डावं चाक वाकडं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळं त्या चाकावरच येणार आहे. कारखान्यात मला जोडणाऱ्या माणसाला जेवायच्या सुट्टीची घाई होती. त्याने शेवटचा बोल्ट तिरका आवळला, "चालतंय की!" म्हणाला आणि डबा उचलून गेला. तेव्हापासून मला कितीही सरळ ढकला, मी डावीकडेच जाते. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत बापडे.

ज्यांना चालता येत नाही, त्यांना फुकट खुर्च्या देण्याची एक सरकारी योजना होती. शहरभर खुर्च्या पुरवण्याचं काम एका ठेकेदाराला मिळालं होतं. त्याने खुर्च्या घेतल्या मोजक्याच, एका टेम्पोत मावतील एवढ्या. मला ते कुठे ठाऊक! आता आपल्याला आपलं माणूस मिळणार, या आनंदात मी टेम्पोत चढले.

माझं माणूस होती एक शिवणकाम करणारी ताई. तिचे पाय लहानपणापासून अधू, हात मात्र असे चपळ की बघत राहावं. घरात भाऊ आणि वहिनी. बाहेर जायचं तर भाऊ तिला पाठीवर घ्यायचा. त्याची पाठ दुखते हे तिला माहीत होतं, म्हणून ती बाहेर जायचंच टाळायची. त्या दिवशी ती माझ्यावर बसली आणि एकटी, कुणाचाही हात न धरता, गल्लीच्या टोकापर्यंत गेली. वाटेत मी तिला डावीकडच्या भिंतीवर आपटलं. ती इतकी हसली! "अगं, चाललीस कुठे?" मला म्हणाली. मला कुणीतरी 'अगं' म्हणालं, मित्रांनो! टेम्पोवाल्याने तेवढ्यात फोटो काढून घेतला.

मग तो म्हणाला, "चाक वाकडं आहे. दुरुस्त करून उद्या आणून देतो."

तो उद्या काही उगवला नाही. मला पुसलं, पाठीवर नवं लेबल चिकटवलं आणि दुसऱ्या घरी नेलं. तिथे एक आजोबा माझ्यावर बसले, खुलले, फोटो झाला आणि मी पुन्हा टेम्पोत. मग तिसरं घर, चौथं घर. प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत मला उचलून नेलं जायचं आणि माझा जीव तीळ तीळ तुटायचा. ताईचा भाऊ कचेरीत विचारायला गेला, तर त्यालाच ऐकवलं गेलं, "खुर्ची मिळाली की तुम्हाला! फोटोत बहीण हसतेय बघा." हे मला पुढे ताईनेच सांगितलं.

भाऊ गप्प बसला नाही. त्याने केलेली तक्रार मोठ्या मॅडमकडे पोचली. सरकारी मदतीवर डल्ला मारणाऱ्यांना पकडणाऱ्या पथकाच्या त्या प्रमुख. त्यांचेच तपासनीस त्यांच्या माघारी त्यांना 'डिंक' म्हणायचे, कारण एकदा चिकटल्या की सुटायचं नाव नाही.

मॅडमची एक रीत होती. मदत म्हणून दिलेली वस्तू त्या नुसती बघायच्या नाहीत, स्वतः वापरायच्या. शाळेतलं जेवण जेवायच्या, कुबड्या काखेत घेऊन जिना चढायच्या. त्यांच्या हाताखाली एक तापट तपासनीस होता, सगळे त्याला जमदग्नी म्हणत. त्याला ही रीत म्हणजे डोक्याला ताप वाटायची.

"मॅडम, खुर्ची समोर दिसतेय. बसायचं कशाला?"

"दिसायची सोय ठेकेदाराने केलेलीच असणार," मॅडम म्हणाल्या आणि बसल्या.

पथक कुठे येणार हे ठेकेदाराला आधीच कळायचं. खुर्च्या वाटल्याची सही करणारा साहेबच त्याला सामील होता ना! पथक एका घरातून पुढच्या दाराने निघालं की टेम्पो मागच्या गल्लीतून आम्हाला पुढच्या घरी पोचवायचा. घरच्यांना दम दिलेला असायचा, तोंड उघडलं तर पेन्शनही बंद.

आजोबांच्या घरी मॅडमनी माझ्यावर बसून चाकं ढकलली आणि त्या डावीकडे दाराच्या चौकटीला धडकल्या. जमदग्नी गालात हसला. पुढच्या वस्तीत, दुसऱ्या घरी, नवं लेबल लावून मी पुन्हा हजर. मॅडम पुन्हा बसल्या. मित्रांनो, मला बोलता येत नाही, पण ओढता येतं. आज नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी सगळा जोर लावला आणि त्यांना डावीकडच्या कपाटावर नेऊन आदळलं. मॅडमनी गुडघा चोळला. वाकून माझ्या चाकाकडे बघितलं. मग घरच्यांना म्हणाल्या, "छान आहे हो खुर्ची."

दाराबाहेर गेल्यावर त्यांनी जमदग्नीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याचा आवाज चढला. "तीच खुर्ची? आत्ता त्या टेम्पोवाल्याची गचांडी धरतो!"

"त्याला धरलंस तर तोच सापडेल. मला त्याला पाठवणारे हवेत. तू फक्त टेम्पो कुठे जातो ते बघून ये. आणि तोंडाला कुलूप लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी कचेरीत, त्या सहीवाल्या साहेबासकट सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आज पथकातला एकेक माणूस एकेका घरी जाईल आणि सगळीकडे एकाच वेळी तपासणी होईल. झालं! घरं शहरभर आणि खुर्च्या टेम्पोभर. ठेकेदाराची पाचावर धारण बसली. आता खुर्च्या गायब करायच्या आणि 'लोकांनीच विकून खाल्ल्या' म्हणायचं, असं ठरवून तो आणि तो सहीवाला साहेब गोदामात धावत आले. टेम्पोवाला केव्हाच पळाला होता, म्हणून दोघं स्वतःच आम्हाला ढकलू लागले. घामाघूम झालेले साहेब मला फाटकाकडे नेत होते. मी त्यांना थेट डाव्या खांबावर नेऊन ठोकलं. फाटकात मॅडम उभ्या होत्या, शेजारी जमदग्नी.

"सावकाश, साहेब," मॅडम म्हणाल्या. "डावीकडे ओढते ती."

तुम्हाला वाटेल, आता मी ताईकडे गेले असेन. छे! मी मुद्देमाल झाले. मला सील लागलं, चिठ्ठी लागली आणि एका कोंदट खोलीत कुलपाआड ठेवलं गेलं. माझ्या बैठकीवर धुळीचा थर साचला, चाकं गंजली. चोर पकडला गेला होता आणि ताई अजून घरातच अडकून होती. मला फार राग यायचा.

पण ताई माझ्याहून हट्टी निघाली. ठेकेदाराच्या माणसांनी तिला पुन्हा धमकावलं. "साक्ष दिलीस तर पेन्शन जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे." आणि भावाच्या पाठीवर बसून ती कोर्टाच्या पायऱ्या चढली. ते दृश्य मॅडमनी बघितलं आणि त्या तडक मुद्देमालाच्या खोलीत आल्या.

"मॅडम, खटला संपेपर्यंत खुर्ची हलणार नाही," तिथला हवालदार म्हणाला. "अशीच पद्धत आहे."

"अहो, जिची वस्तू तिलाच मिळत नसेल, तर आपण पकडलं तरी काय?"

डिंक चिकटला. मॅडमनी अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्यांनी दुसरा केला. ठेकेदाराच्या वकिलाने आकांडतांडव केलं, पुरावा बिघडेल म्हणाला. शेवटी न्यायाधीशांनी मला कोर्टात आणवलं, सगळ्या बाजूंनी माझे फोटो काढायला लावले आणि सांगितलं, की खुर्ची ताईंना द्या. अट एकच, बोलावलं की हजर करायची आणि तिच्यात काहीही बदल करायचा नाही. म्हणजे चाकसुद्धा वाकडंच ठेवायचं.

त्या दुपारी ताईने माझ्या हातांवरून हात फिरवला. "आलीस होय?" एवढंच म्हणाली आणि रडली. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढे निकाल लागला. ठेकेदार आणि साहेब दोघंही तुरुंगात गेले आणि आजोबांसकट सगळ्यांना आपापल्या खुर्च्या मिळाल्या. आता माझं चाक सरळ करायला हरकत नव्हती. पण ताई म्हणाली, "राहू दे. मला सवय झालीय." ती डावा हात जरा जास्त लावते आणि आम्ही दोघी सरळ जातो.

मित्रांनो, माझ्यासारखीला अधूनमधून तेल द्या, पावसात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनवणी अशी, की कुणाला काही दिल्याचा फोटो बघून समाधान मानू नका. फोटो काढणारे निघून गेल्यावर पुन्हा एकदा त्या घरी जा. मॅडम अजून जातात. निवृत्त झाल्या, गुडघे दुखतात, तरी न सांगता गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात आणि हाक मारतात, "काय गं, खुर्ची आहे ना जागेवर?"

ताई घरातून उत्तर देत नाही. ती माझ्यावर बसते आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना भेटायला जाते.