टॉवेलखालची बादली

मित्रांनो, मी एका सलूनची जुनी बादली आहे. नवी होते तेव्हा निळी होते, आता निळसर म्हटलं तरी चालेल. आत्मवृत्त सांगायला घड्याळ, वटवृक्ष, ग्रंथ अशी वजनदार मंडळी पुढं येतात. बादलीला कोणी विचारत नाही. पण माझ्या मालकांच्या घरात गेले काही दिवस जे चाललं, ते माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. म्हणून न विचारता सांगते.

माझा जन्म साच्यात झाला. बालपण असं मिळालंच नाही. गरम होते ती गार झाले आणि थेट कामाला लागले. दोन खुर्च्यांचं सलून. पहिल्या खुर्चीमागं माझे मालक, दुसरीमागं त्यांचा धाकटा भाऊ. मी पाणी भरून ठेवायची, फरशी पुसताना सोबत फिरायची. एकदा गर्दीत एका गिऱ्हाइकानं मला पालथं घातलं, वर बसला आणि म्हणाला, "मजबूत आहे." माझी आजवर झालेली स्तुती एवढीच.

सलूनमध्ये माणूस मान खाली घालतो आणि सगळं सांगून टाकतो. कोणाची मूळव्याध, कोणाच्या सुनेचं माहेरी जाणं. सकाळी पहिल्या खुर्चीत सांगितलेलं दुपारी दुसऱ्या खुर्चीत पोचायचं आणि दिवेलागणीला बाजारभर. माझे मालक या कामात कात्रीपेक्षा तरबेज होते. पुढं माझ्या काठाचा टवका उडाला. दुकानाची शोभा जाते म्हणून मला घरी न्हाणीघरात धाडलं. तिथं मला कोपरा मिळाला आणि बुडाला शेवाळ.

मग मालक आजारी पडले. पुरुषांना मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. मालकांच्या त्या ग्रंथीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी ती काढली, ऑपरेशन छान झालं. मालक घरी आले ते लघवीची नळी घेऊन. नळीच्या टोकाला पिशवी. पिशवी कमरेच्या खाली राहायला हवी, म्हणून परिचारिकेनं सुचवलं, बादलीत ठेवा. बाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीनं, मला घासून लख्ख केलं. निवृत्तीनंतर अशी बढती फार थोड्यांच्या नशिबी येते.

मालकांनी पहिला हुकूम सोडला तो माझ्यावर टॉवेल टाकण्याचा. दुसरा बाईंना.

"बाहेर हर्निया सांगायचं."

"का? कोणाची चोरी केलीत?"

"माझ्या दुकानात काय चालतं ते मला विचार. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

शपथ घातली आणि पठ्ठ्या पडून राहिला. पिशवी रिकामी करायची बाईंनी, चादरी धुवायच्या बाईंनी, पाणी प्या म्हणून मागं लागायचं बाईंनी आणि वर हर्नियाची खोटी हकीकत सांगायची तीही बाईंनीच. जो येई तो हर्नियाचा सल्ला देई. एका शेजाऱ्यानं स्वतःचा वापरलेला पट्टा आणून दिला, कसा बांधायचा ते स्वतःच्या पोटावर करून दाखवलं. बाईंनी आभार मानले आणि पट्टा कपाटात असा आपटला की कपाट हललं. मालकांची तब्येत सगळे विचारत. बाईंची कोणी विचारली नाही.

हेही सोसलं असतं त्यांनी. पण डॉक्टर एक गोष्ट सांगून गेले होते. हा आजार सख्ख्या भावालाही असू शकतो. त्यानं रक्ताची चाचणी करून घ्यावी, लवकर सापडलं तर बरं.

"भाऊजींना सांगितलंत?" बाई सकाळी विचारत.

"सांगतो."

"सांगितलंत?" संध्याकाळी.

"नळी निघू दे. मग सांगतो. घाई काय आहे?"

एके दिवशी धाकटे भेटायला आले. मालकांना बोलायला निमित्तच मिळालं.

"गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावतोस आणि आत जातोस म्हणे. फेस वाळला तरी बाहेर येत नाहीस. मोबाईल बघतोस का आत?"

"नाही रे दादा. पाणी जास्त पिणं होतं हल्ली," धाकटे म्हणाले आणि उठून न्हाणीघरात गेले. दार लागलं. नळ पूर्ण सुटला.

नळ चालूच राहिला. बाईंनी मालकांकडे बघितलं.

"तुम्हीही लघवी उतरेना म्हणून असाच नळ सोडून उभे राहायचात. आठवतंय?"

मालक माझ्यावरचा टॉवेल सारखा करू लागले.

"हर्निया असेल," बाई म्हणाल्या.

धाकटे बाहेर आले, तोंड पुसत बसले. बाई दारात थांबल्या. मालकांनी घसा खाकरला. मी टॉवेलखाली कान टवकारले. आणि मालक म्हणाले, "कात्र्यांना धार लावून घे."

मित्रांनो, माझं तोंड एवढं मोठं, पण उपयोग शून्य. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला तितका कधी आला नाही.

धाकटे गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि उठेनात.

"अगं, पिशवी भरत आली."

"येऊ दे."

"म्हणजे?"

"मी शपथ घेतली ती तुमच्या जिवाची. भाऊजींच्या जिवाचं काय? फोन करा. मग पिशवी."

मालकांनी पिशवीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि फोन उचलला. "ऐक, तू एकदा सगळं तपासून घे," म्हणाले. पलीकडून धाकट्यांचं हसणं मलाही ऐकू आलं. "दादा, हर्निया काय रक्तातून येतो? आराम कर तू."

फोन संपला. पिशवी रिकामी करताना बाईंचे हात फार बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दारापर्यंत चालायलाही कण्हणारे मालक सदरा घालून उभे. "चल," म्हणाले. मालकांचा एक हात बाईंच्या खांद्यावर, बाईंच्या हातात मी, माझ्यावर टॉवेल. अशी आमची वरात रस्त्यानं निघाली.

सलून भरलेलं होतं. दुसऱ्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. मालक आपल्या खुर्चीत टेकले. मला पायाशी ठेवलं.

"या, या. हर्निया काय म्हणतोय?" बाकावरून कोणीतरी विचारलं.

मालकांनी टॉवेल ओढून काढला.

"हर्निया नाही. कर्करोग होता, प्रोस्टेटचा. ही लघवीची पिशवी. नीट बघून घ्या, दुपारपर्यंत गावभर सांगायचंय ना."

रेडिओ तेवढा चालू होता. धाकट्यांचा वस्तरा हवेत थांबला.

"दादा, घरी बोलू आपण."

"घरी मला बोलता आलं नाही." मालक म्हणाले. "तू नळ सोडून आत उभा राहतोस. मीही वर्षभर राहिलो. डॉक्टरांनी तुझी चाचणी करायला सांगितलीय. कधीच सांगितलीय. वहिनीबरोबर आत्ता जा."

"अरे, गिऱ्हाईक अर्धं आहे."

"ते मी करतो."

धाकट्यांनी आपल्या गळ्यातलं कामाचं कापड काढलं. काढायला वेळ लागला, गाठ सापडेना. बाईंनीच सोडवली. जाताना त्या मालकांना म्हणाल्या, "हे आधीच केलं असतं तर?" उत्तराला थांबल्या नाहीत.

मालक उठले, मला पायानं पुढं सरकवत दुसऱ्या खुर्चीपर्यंत आले आणि उरलेला गाल हातात घेतला. वस्तरा गळ्याशी असताना माणूस बोलत नाही. पण तोंड पुसून झाल्यावर त्या गिऱ्हाइकानं आरशात बघत, हळूच विचारलं, "ती चाचणी कुठं करतात?"

मित्रांनो, धाकट्यांचा निकाल अजून यायचा आहे. बाई फोनकडे सारख्या बघतात आणि मालकांकडे मुद्दाम बघत नाहीत. मालक आता पिशवी स्वतः रिकामी करतात. थोडी सांडतात, पण करतात. माझी विनंती एवढीच, की आजार झाकायची इतकी हौस असेल तर तो झाकण्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. आणि जी व्यक्ती दिवसभर सेवा करते, तिलाही कधी विचारा, तुझं कसं चाललंय. मला काय, घासून पालथी घातली की सकाळी पुन्हा तयार. माणसाचं तेवढ्यानं भागत नाही.