दोन पाइपांतल्या दोघी

मी एक न्यूट्रलची तार बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. यंत्र फिरवून वीज ज्या वाटेनं माघारी जाते, ती वाट म्हणजे मी. कौतुक सगळं वीज घेऊन येणाऱ्या फेजच्या जाडजूड तारांचं, मला कोण विचारतं!

माझी एक जुळी बहीण होती. मिस्त्रीनं एकाच वेटोळ्यातून आम्हा दोघींना कापलं. त्याच्या वहिनीची लाँड्री वाढली होती, धुलाईची मोठी यंत्रं आली होती, म्हणून दोन पाइपांतून वीज आणायची होती. प्रत्येक पाइपात फेजच्या तारा आणि सोबतीला आमच्यातली एकेक.

"भाऊजी, ही जरा बारीक नाही का वाटत?" वहिनींनी विचारलं.

"अहो, दोघीजणी आहेत. निम्मा निम्मा भार ओढतील. तुम्ही बिनधास्त हात लावा यंत्राला."

ओढला हो आम्ही, कुरकुर न करता. पण बहिणीच्या टोकाचा स्क्रू हळूहळू सैल झाला आणि एक दिवस ती गप्पच झाली. तिच्या वाटचा भार माझ्या अंगावर आला. माझा जीव तो केवढा! अंग भाजू लागलं, वरचं प्लास्टिक वितळू लागलं. यंत्रांचे पत्रे माझ्याशीच जोडलेले; मी तुटले तर त्या पत्र्यात वीज उतरणार, आणि वहिनींचा ओला हात दिवसभर त्याच पत्र्यावर. भीतीनं मी अर्धी झाले.

वहिनींनी मिस्त्रीला फोन लावला. "भाऊजी, करपल्याचा वास येतोय."

"इस्त्रीचा असेल."

"इस्त्रीचा वास मला शिकवताय? उभा जन्म गेला माझा तिच्यापाशी!" त्यांनी मेन स्विच खाली ओढला आणि गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

मिस्त्री तणतणत आला. खांबावरून वीज बंद करवून त्यानं पेटी उघडली. काळी पडलेली मी दिसले, तसं त्यानं मला सोडवून हातात घेतलं.

"वहिनी, चुकलंच माझं. एकीनं हात टेकले तर दुसरीला झेपेल का, हे बघायलाच हवं होतं."

वहिनींनी पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

दोन्ही पाइपांत जाड तारा पडल्या. त्यानं स्क्रू आवळले, वीज चालू करवली, मीटर लावून तपासलं. वहिनी यंत्राकडे निघाल्या तर हा आडवा आला. "थांबा. आधी मी." आणि त्यानं स्वतःचा तळवा पत्र्यावर टेकला.

बहीण भंगारात गेली, निरोप घ्यायचाही राहिला. मी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत असते. कुणी "न्यूट्रल बारीक चालेल" म्हणालं की तो मला बाहेर काढतो. तुम्हीही आमच्यासारख्या दोघींना जुंपणार असाल, तर एवढंच करा. एकटीवर वेळ आली तरी निभेल, एवढं अंग दोघींनाही द्या.