राहून गेलेला होकार

दोन हजार तेवीस साल होतं. नायगावच्या बसस्टँडसमोर गुलाम रसूल यांचं नेट कॅफे आहे. तिथे खिडकीजवळच्या संगणकापुढे तेव्हा मी उभी असे. मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. माझी पाठ आणि बैठक हिरव्या-पांढऱ्या वायरीने विणलेली आहे. त्या वर्षीही मी काही नवी नव्हते. पण तेव्हा मला मान होता, आणि तो कसा गेला हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म देगलूरचा. गुरुपादप्पा नावाच्या वेल्डरने मला जोडलं. ते कानडी वळणाची मराठी बोलत. काम झालं तेव्हा ते स्वतः माझ्यावर धपकन बसले, दोन्ही अंगांना डोलून पाहिलं आणि म्हणाले, "हिला कुठं बी ठेव. ही लंगडणार नाय." तेवढं एक वाक्य मी जन्मभर सांभाळलं.

आधी मी एका शाळेच्या कार्यालयात होते. तिथे फिरत्या खुर्च्या आल्या आणि मी भंगारात निघाले. रसूलचाचांनी मला तिथून उचललं, वायर घट्ट करून घेतली आणि दुकानात आणलं. माझ्यावर बसून अर्ज भरलेला एक मुलगा पोलीस झाला. मग एक तलाठी झाला, एक मुलगी नर्स झाली. झालं! मला नाव पडलं, नशिबाची खुर्ची. शेवटचं बटण दाबण्याआधी मुलं माझ्या हाताला हात लावत आणि तो कपाळाला लावत.

"अरे, खुर्ची पास करती काय तुला? अभ्यास कर," चाचा हसत म्हणायचे. मला मात्र तो स्पर्श फार आवडायचा. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी जानेवारीत पुनम आली. तिच्यासोबत तिची आत्या, तारामती. पुनमची आई लवकर गेली होती आणि आत्यानेच तिला वाढवलं होतं. पुनम नांदेडच्या एका कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवायची. तासिकेवर म्हणजे जितके तास तितका पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे दर जूनला नव्याने कळायचं. अकरा वर्षं तिने तो जून काढला होता. स्पेन देशातल्या शाळांना मुलांशी इंग्रजी बोलणारे सहायक शिक्षक हवे होते. अट होती पस्तिशीच्या आतली. पुनमचं ते शेवटचं वर्ष होतं.

"मला काही तिथं कायम राहायचं न्हाई, चाचा," ती म्हणाली होती. "पण एखाद्या शाळेनं एकदा तरी माझं नाव घेऊन मला बोलवावं, एवढंच वाटतं."

अर्जाचं वेबसाइटवरचं पान सगळं स्पॅनिश भाषेतलं. चाचा मोबाईलचा कॅमेरा पडद्यासमोर धरत आणि त्यावर उमटलेलं इंग्रजी पुनम मराठीत सांगे. अर्जाच्या पायऱ्या होत्या. कच्चा अर्ज. नोंदवलेला. तपासणीत असलेला. मान्य. जागा दिली. जागा स्वीकारली. प्रत्येक पायरीला वेगळा रंग. आत्या गोंधळली. तेव्हा चाचांनी तिला तिच्याच भाषेत समजावलं, कारण गावोगावच्या सोयरिकी जमवण्यात आत्याचा हातखंडा होता.

"आक्का, सोयरिकीसारखंच समजा. कच्चा अर्ज म्हणजे अजून घरातल्या घरात बोलणं. नोंदवला म्हणजे बायोडाटा गेला. तपासणी म्हणजे पाव्हणे चौकशी करून राहिले. मान्य म्हणजे मुलगी पसंत. आणि जागा दिली म्हणजे..."

"मागणी आली!" आत्याने वाक्य पुरं केलं. "मग हे तर मला सगळं कळतंय की!"

पुनमने माझ्या हाताला हात लावला, कपाळाला लावला आणि अर्ज पाठवला.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी आत्या भाजीची पिशवी घेऊन दुकानात यायची आणि माझ्यावर टेकायची. "काय रसूलभाई, कुठवर पोचली आमची पोरगी?"

"चौकशी चालू हाय, आक्का."

"करू द्या. आमच्या पोरीत खोट न्हाई." एवढं म्हणून ती पिशवीतली भाजी उगाच वरखाली करायची.

का ते मला नंतर कळलं. आत्याचा सोयरिकीचा एक नियम होता. मागणी आली की त्या दिवशी होकार द्यायचा नाही. आठ दिवस जाऊ द्यायचे. लगेच हो म्हटलं की मुलगी हलकी दिसते, आणि आठ दिवसांत समोरचं खरं-खोटंही बाहेर येतं. हा नियम तिने जन्मात एकदाच मोडला होता, तो पुनमच्याच लग्नात. लातूरकडचं मोठं घर होतं. हातचं जाईल म्हणून आत्याने त्याच संध्याकाळी शब्द दिला. वर्षाच्या आत पुनम एक पेटी घेऊन परत आली. पुनम त्याबद्दल कधी बोलली नाही आणि आत्याच्या डोक्यातून ते कधी गेलं नाही.

जूनच्या एका सोमवारी पान हिरवं झालं. जागा दिली! डोंगरातल्या एका लहान गावाची शाळा. पुनमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्या शाळेच्या नावाशेजारी लिहिलेलं होतं. ते तिने दोनदा मोठ्याने वाचलं. चाचांनी पेढे मागवले. दुकानातल्या मुलांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "बघा, नशिबाची खुर्ची!"

"इथं बटण आहे, बेटा," चाचा म्हणाले. "स्वीकारते म्हणायचं. दाब."

पुनमचा हात माऊसवर गेला.

"थांब," आत्या म्हणाली. "मागणी आली ना? मग आज न्हाई. सोमवारचा शब्द पुढच्या सोमवारी."

"आत्या, हे लग्न न्हाई."

"रसूलभाईंनीच सांगितलं की, तसंच असतंय. लई घाई केली तर ते काय म्हणतील? हिला तिकडं कुणी विचारत न्हाई वाटतं." मग तिचा आवाज खाली आला. "एकदा त्याच दिवशी हाव म्हणून बसले मी. काय झालं ते तुला ठावं हाय. मला पुन्हा तसं करायला लावू नको, पुनम."

पुनमने चाचांकडे पाहिलं. चाचांनी एकदा आत्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरकारी काम हाय. एकदा ऑर्डर निघाली की कोण परत घेतंय? आपल्याकडं तर महिना महिना देतात. आक्काचं मन राहू दे."

तिने माऊसवरचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला. पान खाली सरकवून शेवटपर्यंत कुणी वाचलं नाही. मुलांना वाटलं, खुर्चीने काम केलं. चाचांना वाटलं, सरकारने केलं. मला स्वतःला काय वाटलं? मलाही वाटलं की ते माझ्यामुळेच झालं. मी पेढ्याच्या वासात फुगून बसले होते.

पुढच्या सोमवारी आत्या ठेवणीतली इरकल नेसून आली. हातात नारळ. "आता कळवा रसूलभाई. हाव म्हणून सांगा."

पुनमने पान उघडलं. हिरवा रंग नव्हता. राखाडी होता. चाचांनी मोबाईल धरला, पुसला, पुन्हा धरला.

"काय लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"जागा नाकारली," पुनम म्हणाली.

"कुणी नाकारली? त्यांनी?"

"न्हाई आत्या. आपण."

"आपण कधी नाकारली? आपण तर तोंडसुद्धा उघडलं न्हाई!"

मग चाचांनी पान खाली सरकवलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ती ओळ होती. तीन दिवसांत स्वीकारली नाही तर उमेदवाराने जागा नाकारली असं धरलं जाईल. चाचांनी चष्मा काढला. "आपल्यात गप्प बसणं म्हणजे अदब," ते हळूच म्हणाले. "त्यांच्यात गप्प बसणं म्हणजे नकार. सोयरिकीची गोष्ट मीच सांगितली. मीच."

आत्या माझ्यावर बसली ती उठेचना. नारळ मांडीवर तसाच. "एकदा लवकर बोलले अन् तुझं वाटोळं केलं," ती म्हणाली. "एकदा गप्प बसले अन् पुन्हा तेच. माझ्या तोंडालाच काही तरी लागलंय, पोरी."

"चल आत्या, बस निघेल," पुनम म्हणाली. ती एक शब्द रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. नारळ तिने पिशवीत ठेवला आणि आत्याला दंडाला धरून उठवलं.

नंतर पुनमने आणि चाचांनी स्पेनला विनंतीचं पत्र पाठवलं. उत्तर सभ्य होतं. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जागा दिली आहे आणि त्याने ती स्वीकारली आहे.

त्यानंतर माझे दिवस फिरले. "ह्या खुर्चीनं बाईची परदेशातली नोकरी घालवली," असं मुलं म्हणू लागली. माझ्यावर कुणी बसेना. मला बाहेर काढून माझ्यावर पाण्याचा जार ठेवला. उन्हाने वायर तडकली, बैठक खाली लोंबली. मी रागावले नाही. मी लंगडले नव्हते हे खरं. पण मला हात लावला की पुढचं वाचायची गरज नाही असं ज्यांना वाटलं, त्यांचा मान मी आनंदाने घेतला होता. मग बोल घ्यायला का कुरकुरायचं?

एका बाजाराच्या दिवशी आत्या माझ्यासमोर थांबली. वर्षभरात ती दुकानात शिरली नव्हती.

"ही मला द्या, रसूलभाई."

"तुटली हाय, आक्का. नवी देतो."

"नवी काय करू? ही त्या दिवशी माझ्यासंगं होती."

मला टमटमवर बांधून ती गावी घेऊन गेली. तिला बाज विणता यायची. नवी वायर आणून तिने अंगणात बसून मला विणलं. एखादा पेड चुकला की सगळं उसवून पहिल्यापासून घ्यायची.

आता कोण कुठे आहे ते सांगते. गुरुपादप्पा वारले. त्यांच्या दुकानात आता कारखान्यातल्या तयार खुर्च्या विकतात. रसूलचाचांनी सोयरिकीचे दाखले देणं सोडलं. कुणाचंही पान उघडलं तर ते आधी तळापर्यंत सरकवतात आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचून घेतात. त्याआधी पेढे आणायला कुणाला जाऊ देत नाहीत. पुनमची पस्तिशी उलटली, तिला पुन्हा अर्ज करता आला नाही. ती अजून नांदेडलाच तासिकेवर शिकवते. पण ती स्पॅनिश शिकली आणि आता असे अर्ज भरणाऱ्या मुलींना रविवारी पायऱ्या समजावून सांगते. त्यातली पहिली चाचांची पुतणी उमैमा. तिला यंदा जागा मिळाली.

आणि आत्या? तिने सोयरिकी जमवणं बंद केलं. आमच्याकडे चहा विचारला की दोनदा नको म्हणायची रीत आहे. आत्या आता पहिल्याच विचारण्याला हाव म्हणते. बायका हसतात. "आत्या, भूक लागली का?" म्हणतात. ती हसत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, विणा, सावलीत ठेवा, एवढीच आमची मागणी असते. पण आम्हाला नमस्कार करून पुढची ओळ वाचायची सोडू नका. आम्ही फक्त बसायला जागा देतो.

परवा पुनम आणि उमैमा पेढे घेऊन अंगणात आल्या. आत्या माझ्यावर बसलेली. उमैमाने पुडा पुढे केला. आत्याने त्याला हात लावला नाही.

"आधी सांग, हाव म्हणालीस का?"

"त्याच दिवशी, आत्या," उमैमा म्हणाली. "पुनमदीदीनं माझ्याकडून बटण दाबून घेतलं, मगच मला रडू दिलं."

आत्याने पुनमकडे पाहिलं. मग ती उठली आणि पुनमला माझ्यावर बसवलं. पहिला पेढा तिने पुनमच्या तोंडाशी धरला. पुनमने लगेच तोंड उघडलं.