चाळणीवरचे खडे

मोजणीवाल्या बाईंनी दोरीचं एक टोक बांधाच्या कोपऱ्यातल्या दगडाला गुंडाळलं आणि दुसरं सुनेच्या हातात दिलं.

"समोरच्या कोपऱ्यात जा ताई, आणि ताणून धरा. मध्ये झोळ नको."

सून दोरी घेऊन निघाली. चालताना शेताच्या मध्याकडे बघायचं नाही, असं तिनं सकाळपासून स्वतःला बजावलं होतं. त्यामुळे ती इतकी ताठ मान करून चालली की कुणालाही संशय यावा. दुसरी दोरी सासऱ्यांनी धरली होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण हात खुंटीसारखा घट्ट. दोन्ही दोऱ्या जिथं एकमेकींवर आल्या तिथं बाईंनी टाचेनं खूण केली. खूण बरोबर हवी तिथंच पडली. सुनेचा जीव भांड्यात पडला.

नियम साधा होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोऱ्या ताणायच्या, मधोमध खड्डा घ्यायचा, माती किती खोल आहे ते मोजायचं. पंचेचाळीस सेंटिमीटर भरली तर शेताला खालच्या धरणातून पाइपानं पाणी मिळणार. नाही भरली तर या उतारावरच्या शेताचं नाव शेतीच्या यादीतून कायमचं वगळलं गेलं नाही, तरी दहा वर्षं कुणी इकडे फिरकणार नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या डोंगरावर मोजणी झाली तेव्हा सासरे मुद्दाम बघायला गेले होते आणि सगळं डोळ्यांत साठवून आले होते.

या डोंगरावर माती म्हणून जी होती, तिला माती म्हणायचं ते केवळ घरचं माणूस म्हणून. खाली सगळा ग्रॅनाइट. ऊन, थंडी, पाणी खाऊन त्याची वरची पाठ कुजते, भुगा होतो. पाऊस येतो आणि भुग्यातलं बारीक तेवढं उचलून खाली नेतो. मागे उरतात खडे, आणि उन्हात चकाकणारे अभ्रकाचे कण. सकाळी घातलेलं पाणी दुपारी विचारायला जावं तर पत्ता नाही. बटाटे निघायचे ते सुपारीएवढे. खडा कुठला आणि बटाटा कुठला हे चावून ठरवा, असं सासरे म्हणत आणि स्वतःच हसत.

सुनेला हसू येत नसे. तिचा नवरा नऊ वर्षं शहरात दगड कापायच्या कारखान्यात होता. हाच दगड, याच डोंगराच्या पाठीचा. त्याची पूड त्याच्या केसांत असे, कपड्यांत असे, आणि गेल्या दोन वर्षांपासून छातीतही बसली होती. फोनवर बोलताना तो मध्येच फोन दूर धरी. पण खोकला दूर धरून थोडाच लपतो. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं. "पाणी आलं तर येतो," तो म्हणाला होता. "नुसत्या दगडावर येऊन काय करू? इथं निदान दगड कापला की तुम्ही जेवता."

म्हणून तीन महिने ती दोघं राबली. शेताच्या मधोमध सासऱ्यांनी पहारीनं कुजका खडक फोडला, दोन हात लांब, दोन हात रुंद, गुडघ्याच्या थोडा वर येईल इतका खोल. ओढ्याकाठी वर्षानुवर्षं वाहून साचलेली माती सुनेनं टोपलीनं वर आणली. चढण अशी, की रिकाम्या हातानंही धाप लागावी.

"नुसती ओत," सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "खडे असू देत."

तिनं पहिली टोपली ओतली आणि तिचे हात थबकले. एवढ्या लांबून जिवाच्या आकांतानं आणायची आणि तीत खडे टाकायचे? जन्मभर पीठ चाळून घेतलेले हात होते ते. दुसऱ्या दिवशी तिनं घरातून धान्याची चाळण आणली. चाळलेली माती खड्ड्यात, खडे घरामागच्या भिंतीशी. ढीग गुडघ्याएवढा झाला. सासऱ्यांनी तो पाहिला आणि नुसती मान हलवली. सुनेला ते शाबासकीसारखं वाटलं.

आता बाई त्याच खड्ड्यात फावडं घालत होत्या. फावडं असं अलगद जात होतं की सुनेला मनातून अभिमानच वाटला. तळाला दगड लागला. बाईंनी टेप लावला.

"बावन्न," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. बाईंनी मात्र वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी चिमूटभर माती घेतली, बाटलीतल्या पाण्यानं भिजवली, बोटांत चोळली. मग तीच बोटं कानाजवळ नेऊन पुन्हा चोळली.

"आवाज नाही," बाई म्हणाल्या.

"कसला आवाज?" सासऱ्यांनी विचारलं.

"या डोंगरांवरची माती करकरते काका. दात खाल्ल्यासारखी. एकतीस वर्षं ऐकतेय मी." त्यांनी खड्ड्याच्या कडेवरून हात फिरवला. "वरपासून खालपर्यंत एकसारखी. एक खडा नाही. ही कुणीतरी चाळलीय."

सुनेला वाटलं, या खड्ड्यात आपल्याला आत्ता पुरून टाकलं तर बरं.

"मी चाळली," सासरे म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनेच्या हातांकडे. नखांत अजून ती काळी माती होती. त्या चार पावलं बाजूला गेल्या आणि लोखंडी सळई जमिनीत खुपसली. ठण्ण झालं. आणखी चार पावलं. पुन्हा ठण्ण.

"एकोणीस," त्या म्हणाल्या, आणि या वेळी लिहिलं.

"ती माती आमचीच आहे बाई," सासरे म्हणाले. "पावसानं खाली नेली, आम्ही परत आणली. एवढंच केलं."

"कळतंय मला." बाई वही पिशवीत घालत होत्या. "खरं सांगू का? खडे तसेच ठेवले असतेत तर माझ्या लक्षातही आलं नसतं. संध्याकाळपर्यंत सहा शेतं करायचीत. कुठं बघत बसते मी?"

सुनेनं चहाचं विचारलं. बाई नको म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघता बांध उतरून गेल्या.

जेवायच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला.

"किती भरली?"

"एकोणीस."

पलीकडे बराच वेळ नुसता खोकला. त्यानं आज फोन दूर धरला नाही.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं, खडे राहू दे म्हणून. मी चाळत बसले."

"तुझ्यामुळे कसलं," तो म्हणाला. "जाऊ दे. भोंगा झाला. ठेवतो."

ती बाहेर आली तेव्हा सासरे घरामागच्या ढिगापाशी होते. घमेलं भरून खडे त्यांनी शेताच्या मध्यापर्यंत नेले, खड्ड्यात ओतले, आणि गुडघ्यांवर बसून हातानं मातीत कालवू लागले. मग पुन्हा ढिगाकडे.

"बाबा, काय करताय?"

"पुढची मोजणी दहा वर्षांनी आहे म्हणे," ते म्हणाले. "सावकाश करू."

बाबा, तेव्हा तुम्ही चौऱ्याऐंशी वर्षांचे असाल, हे तिच्या ओठांवर आलं. आणि ते, शहरातले, त्यांचं काय, हेही आलं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. ती आत गेली, दुसरं घमेलं घेऊन आली आणि ढिगातले खडे भरू लागली. तिनंच वेचलेले, त्यामुळे काही तर ओळखीचे वाटत होते.

ऊन उतरेपर्यंत निम्मा ढीग खड्ड्यात गेला. सासऱ्यांनी कळशीतलं थोडं पाणी घेतलं, चिमूटभर माती भिजवली, आपल्या कानाशी चोळून पाहिली. त्यांना हल्ली ऐकू कमीच येई. त्यांनी तीच बोटं सुनेच्या कानाजवळ नेली.

"वाजते का बघ आता."

ती वाकून ऐकू लागली. तिच्या कानात अजून फोनवरचा खोकला होता, दुसरं काही शिरतच नव्हतं.

"वाजते," ती म्हणाली.