गरम ठिपका

रिना बंगलोरहून पोंभुर्ण्याला आली ती न कळवताच. बॅग ओसरीवर टाकली, हातपाय धुतले आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेली. तिचे बाबा खुशालभाऊ बघत राहिले. पोरगी तिथं विज्ञानात पीएच.डी. करत होती. अशी अवचित कधी यायची नाही.

दुसऱ्या दिवशीही ती भातात नुसती बोटं फिरवत बसली.

"जीव बरा नाई का वं?" बायनाबाईंनी विचारलं.

"बरा आहे. माझा तुकडा जळला, आई."

तुकडा म्हणजे तिचा स्फटिक, तिळाहूनही बारीक. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यात थरावर थर. अतिशय थंड केला आणि त्यातून वीज सोडली, की थर एकाच तालावर थरथरतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी बाहेर पडतात. त्यांना टेराहर्ट्झ म्हणतात. कागदातून, कापडातून त्या आरपार जातात. पण विजेनं स्फटिक तापतो, मधेच एक गरम ठिपका उमटतो आणि तिथला वीज बिनअडथळा वाहू द्यायचा गुण जातो. रिनानं वीज वाढवत नेली, ठिपका पसरत गेला आणि पावसाळाभर खपून केलेला तुकडा हातचा गेला.

"मी नाई जात आता परत," ती म्हणाली.

खुशालभाऊंनी विचारलं, "थंड म्हंजे किती थंड लागते त्याले?"

"नायट्रोजनएवढं, बाबा. तुमच्या डब्यातलं."

खुशालभाऊ सावरून बसले. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करत त्यांची सारी नोकरी गेली होती. मोटरसायकलला बांधलेल्या डब्यात वीर्याच्या कांड्या असायच्या, अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या.

"म्हंजे तू अन् मी एकाच डब्यातलं वापरून राह्यलो?"

रिना हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

खुशालभाऊ तडक उठले. त्यांच्या जागेवर आता धनराज होता. त्याच्याकडून त्यांनी थर्मासभर नायट्रोजन मागून आणला, झाकण सैल ठेवून, जपून. रिनाच्या बॅगेत शाळांमधून दाखवायची, तिच्या तुकड्यासारख्याच गुणाची एक काळी चकती होती आणि एक छोटं लोहचुंबक. अंगणात तिनं चकती वाटीत ठेवली आणि वर नायट्रोजन ओतला. वाफेचे लोट जमिनीवर पसरले. मग तिनं लोहचुंबक वर सोडलं, तर ते अधांतरी थांबलं.

बायनाबाईंनी खालून कागद सरकवून पाहिला. "कोनीच धरलं नाई त्याले!"

थोड्या वेळानं वाटीतला नायट्रोजन आटला आणि लोहचुंबक हळूच खाली टेकलं.

"गरम झालं का वं?" खुशालभाऊंनी विचारलं.

"हो."

"मंग ओत ना अजून. मी आनतो."

रिनानं टेकलेलं लोहचुंबक बोटानं हलवून पाहिलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "ठिपका होता तेव्हाच लहरींचा सिग्नल सगळ्यात स्वच्छ होता. मले ठिपका नकोच होता, म्हणून मी तिकडं पाह्यलंच नाई. तो विझवायचा नाई, बाबा. एका कडेले धरून ठेवायचा. खाली तांबं देऊन बाकीचा भाग थंड ठेवायचा."

दोघांना त्यातलं फारसं कळलं नाही. तरी दोघं तिच्या बाजूला बसून राहिले, ती बोलायची थांबेपर्यंत. संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि बापाला म्हणाली, "उद्याची बस पाहा बरं."

हिवाळ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक रेघ सुईसारखी उभी होती.

"पाहा बाबा, सिग्नलची रेघ किती बारीक, किती स्वच्छ आहे! नवा तुकडाही शाबूत आहे!"

खुशालभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "लय सुंदर आहे, बाई," ते म्हणाले. "तुह्यासंगं काम करनारे कुठी हायेत? दाखव ना मले."

रिनानं फोन फिरवला. खोलीतल्या तिघाचौघांनी हात हलवले. खुशालभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं जयभीम केला.